उताराचा हिशेब : बोरघाट ते नायट्रो

रोलर कोस्टरला मराठीत शब्द नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश माणसं त्याला 'रशियन डोंगर' म्हणतात. खुद्द रशियात त्याचं नाव 'अमेरिकन टेकड्या' असं आहे. म्हणजे ज्याने त्याने हे खूळ दुसऱ्याच्या माथी मारलेलं. आपण इंग्रजी शब्दच उचलला, आणि आता तो राजापूर तालुक्यातल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला आहे. मला विचाराल तर त्याला 'घाट' म्हणायला हरकत नव्हती. हा विनोद नाही. या यंत्राची वंशावळ शोधत गेलं की आपण जत्रेतल्या आकाशपाळण्याशी पोचत नाही, डोंगर उतरणाऱ्या मालगाडीशी पोचतो. आणि महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा रोलर कोस्टर जिथे उभा राहिला, त्याच्या डोक्यावरच हिंदुस्थानातला एक आद्य रेल्वेघाट आहे. जागा रस्त्याच्या सोयीने निवडली गेली असणार, द्रुतगती मार्ग जवळ, मुंबईही जवळ आणि पुणंही. पण शेजार मात्र विलक्षण जुळून आला आहे. त्या शेजाराबद्दल हा लेख आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी. मी आयटीआय झालेला फिटर. आयुष्याची बरीच वर्षं बोल्ट आवळण्यात आणि सैल झालेले शोधण्यात गेली. दुसरी बाजू गावाची. नाटे हे जैतापूर खाडीच्या तोंडावरचं गाव. खाडीने राजापूरला जाणारा माल पुढे अणस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवरून वर जायचा. आमच्याकडे वर म्हणजे घाटावर आणि खाली म्हणजे तळकोकणात, अशी जगाची सोपी वाटणी असते. त्यामुळे माल वर कसा चढला आणि खाली उतरताना कोणी आवरला, हे प्रश्न मला लहानपणापासून पडत आले. इंग्रजी गॅझेटियर मी कोश मांडीवर घेऊन वाचायला शिकलो ते याच नादात.

आधी ती वंशावळ. सतराव्या-अठराव्या शतकांत सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी मांडव उभारून त्यांच्या उतरणीवर पाणी ओतत. ते गोठलं की त्यावरून घसरायचं. आमच्या वाडीत पोफळीच्या विरीवर बसून पोरं घाटीवरून घसरतात, तोच प्रकार. फरक इतकाच की तिथे राजघराण्यातली माणसंही हौसेने घसरत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये या घसरगुंडीला चाकं लागली. बर्फ नव्हता, म्हणून गाड्या आल्या, आणि गाडी उडू नये म्हणून तिची चाकं खाचेत अडकवली गेली.

पण खरा पूर्वज पेनसिल्व्हेनियात सापडतो. तिथे मॉच चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये खाणीतला कोळसा नदीपर्यंत उतरवण्यासाठी नऊ मैलांचा रूळमार्ग घातला. इंजीन नव्हतं. भरलेल्या गाड्या नुसत्या उताराने खाली येत, ब्रेकवर एक माणूस बसलेला असे. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं लागत, आणि ती खेचरंही गाडीत बसूनच खाली येत. खेचरांना ही सवारी इतकी आवडली की पुढे ती पायी उतरायला तयार होईनात, असं सांगतात. पुढे १८४० च्या दशकात वाफेच्या यंत्रांनी गाड्या वर चढवण्याची सोय झाली. चढताना साखळी किंवा पट्टा तुटला तर गाडी मागे घरंगळू नये म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली. गाडीखालची खिट्टी त्या दात्यांवरून टिकटिक करत जायची. आज कुठल्याही रोलर कोस्टरच्या चढणीवर जो टकटक आवाज ऐकून पोटात गोळा येतो, तो या खिट्टीचा. लोकांना तो भीतीचा आवाज वाटतो. खरं तर तेवढाच एक आवाज दिलाशाचा आहे.

१८७० च्या सुमारास कोळशाला दुसरा मार्ग मिळाला आणि मॉच चंकची लाइन निव्वळ हौशी प्रवाशांसाठी चालू लागली. लोक पैसे देऊन कोळशाच्या वाटेने घरंगळायला येऊ लागले. हे पाहूनच लामार्कस थॉम्पसन याने १८८४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर लाकडी 'स्विचबॅक रेल्वे' उभी केली. उंची पन्नास फूट, वेग ताशी सहा मैल, तिकीट पाच सेंट. हा माणूस विनाशिवणीच्या मोज्यांच्या धंद्यात पैसा कमावून आलेला आणि धार्मिक वृत्तीचा. तरुण पोरं गुत्त्यांत जातात, त्यांना चांगलं काहीतरी करमणुकीला द्यावं, अशी त्याची इच्छा होती म्हणे. ताशी सहा मैल म्हणजे आपल्या एसटीने घाटात पहिला गिअर टाकल्यासारखं, पण लोकांनी रांगा लावल्या.

आता बोरघाट. कोनी आयलंडच्या वीस-एकवीस वर्षं आधी.

खंडाळ्याच्या घाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला होता. गव्हर्नर माल्कमने तो खुला केला. अमृतांजन पूल म्हणून जो आपण सगळे ओळखत होतो तो त्याच वेळचा, २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीतल्या मोकळ्या रस्त्यात तो पाडला. रेल्वे १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि डोंगरापुढे थांबली. वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे ही लाइन १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट बाकी. म्हणजे पाच वर्षं असं चाललं, की मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीला आगगाडीतून उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा, आणि खंडाळ्याला दुसऱ्या आगगाडीत बसायचा. खोपोली हे तेव्हा रेल्वेचं शेवटचं टोक होतं. आज त्या फाट्यावर लोकल जाते, पण आपण एका अर्धवट स्वप्नाच्या टोकाला उतरलो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, पंचवीस बोगदे, सगळ्यांत तीव्र उतार सदतीसास एक. आकडे वाचून काही होत नाही, म्हणून मी असा हिशेब केला : घाटाची उंची मीटरमध्ये ५५८ भरते. खोपोलीच्या उद्यानातला नायट्रो हा कोस्टर ४० मीटर उंच आहे. म्हणजे चौदा नायट्रो एकावर एक ठेवले की बोरघाट होतो. आणि त्यावरून खाली यायचं ते शेकडो टनांची गाडी घेऊन, त्या काळच्या हाताने फिरवायच्या ब्रेकांवर.

बर्कलीपुढे अडचण होती ती वळणाची. कड्याच्या एका जागी लाइन पुढे नेता येईना. तेव्हा त्याने गाडीची दिशाच उलटवली. गाडी चढत येऊन कड्याच्या टोकावरच्या सपाटीवर थांबायची, इंजीन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि पुढचा चढ उलट्या दिशेने. हे 'रिव्हर्सिंग स्टेशन'. थळघाटातही हीच युक्ती होती. रेल्वेच्या भाषेत अशा नागमोडी चढणीला स्विचबॅक म्हणतात, आणि थॉम्पसनच्या खेळण्याचं नावही तेच. दोघांनी एकमेकांचं काही पाहिलं असेल असं नाही. डोंगर सारखे असले की उत्तरंही सारखी निघतात.

बोरघाटातलं ते उलट्या दिशेचं स्टेशन १९२८ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झालं. पण दुसरी एक युक्ती अजून चालू आहे आणि पुण्याहून मुंबईला येणारा प्रत्येक प्रवासी ती भोगतो, बहुधा कंटाळून. खंडाळा सोडल्यावर मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग अशा ठिकाणी गाडी उगाच थांबते. ती उगाच थांबत नाही. तिथे मुख्य लाइनला लागून एक फाटा चढावर नेऊन संपवलेला आहे. सांधे नेहमी त्या फाट्याच्या बाजूला वळवलेले असतात. उतरणारी गाडी ताब्यात आहे, थांबू शकते, हे तिने थांबून सिद्ध केलं की मगच सांधा मुख्य लाइनकडे फिरतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर जाईल आणि आपल्याच वजनाने थांबेल. म्हणजे दर खेपेला गाडी सुटलेलीच आहे असं धरून चालायचं, आणि नाही हे तिने दाखवायचं. फिटर म्हणून सांगतो, यंत्राच्या सुरक्षिततेबद्दल इतकं शहाणपणाचं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

रोलर कोस्टरचं सगळं नियंत्रण याच विचारावर चालतं. मार्गाचे भाग पाडलेले असतात. एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग मोकळा असल्याचं यंत्राला कळलं नाही, तर गाडी मागच्या भागात ब्रेकवर धरली जाते. रेल्वेच्या सिग्नलवाल्याला हे नवीन सांगायला नको, त्याचीच ही पद्धत आहे, नावासकट.

पण बोरघाटाची गोष्ट युक्त्यांवर संपवली तर ती खोटी होईल. १८६१ च्या हंगामात या घाटात बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती. तेव्हाच्या पुण्याच्या वस्तीशी ताडून पाहा. बाया आणि पोरं टोपल्या वाहत होती. कड्यावर दोराला लटकून माणसं सुरुंगाची भोकं पाडत. पटकीच्या साथी आल्या आणि माणसं मेली, किती ते त्यांच्या नावानिशी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरीवरून त्याच्या माणसांत आणि मजुरांत खदखद होती. १८५९ च्या जानेवारीत तिचा दंगा झाला आणि त्याच साली फॅव्हिएल कंत्राटातून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर घेऊन अनुभवी इंजिनिअरांकरवी काम तडीस नेलं. विक्टोरियन काळातली, नुकतीच विधवा झालेली बाई सह्याद्रीतल्या एवढ्या कामाची कंत्राटदार असते, यावर मराठीत एखादी कादंबरी यायला हवी होती. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियरने घाट खुला केला. बर्कली तो दिवस पाहायला उरला नव्हता, आदल्या वर्षीच तो गेला. आणि बांधकाम घाईचं होतं याची पावती चारच वर्षांत मिळाली : १८६७ मध्ये घाटातला माऊकी मळीचा दगडी पूल ढासळला.

इयन केर या इतिहासकाराने हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या मजुरांवर पुस्तक लिहिलं, त्यात बोरघाटाला मोठी जागा आहे. आपल्याकडे मजुरांचा हा इतिहास लोककथेत शिल्लक आहे, आणि तीही एकाच माणसाची. तिच्याकडे शेवटी येतो.

घाटाच्या उताराचा पुढचा उपयोग पाण्यासाठी झाला. लोणावळ्याच्या माथ्यावर पाऊस बेसुमार पडतो, आणि पायथ्याची खोपोली पाचशे मीटरहून अधिक खाली आहे. वळवण आणि आसपासच्या तलावांत पाणी साठवून नळांनी खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची, अशी टाटांची योजना. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली, जमशेटजींच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. पाचशे मीटर पडलेल्या पाण्याचा वेग, घर्षण सोडलं तर, ताशी साडेतीनशे किलोमीटर निघतो. त्या धारेपुढे जी पेल्टनची चाकं फिरतात ती मुळात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींतून आली. लेस्टर पेल्टन तिथे खाणीवरच सुतारकाम आणि यंत्रं जुळवण्याचं काम करायचा. कोस्टर कोळशाच्या खाणीतून आला आणि पाणचक्की सोन्याच्या. खोपोलीत दोघांची गाठ पडायची होती.

टाटांच्या पुढच्या धरणाची, मुळशीची गोष्ट मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. मुळशीचं पाणी खोपोलीला नव्हे, भिऱ्याला उतरतं, पण तत्त्व तेच. १९२१ ते १९२४ सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी लढले, हरले, आणि भात पिकवणाऱ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. उतार हा देणारा असतो, पण कुणाच्या पदरात देतो आणि कुणाच्या पदरचं काढून, हे वरचे आणि खालचे यांच्यात ठरत नाही. ते मुंबईत ठरतं. आमच्या नाटे पंचक्रोशीला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शेजारच्या माडबनला ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाची आखणी झाली तेव्हापासून जमीन, मासळी आणि वीज या तीन शब्दांवर गावात जी भांडणं आणि मोर्चे झाले, ते मी पाहिले आहेत. इथे त्यात शिरत नाही, तो वेगळा लेख होईल.

आता नायट्रो.

आपल्याकडे मोठी करमणूक उद्यानं उशिरा आली. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. महाराष्ट्रातल्या एका पिढीने आयुष्यातला पहिला कोस्टर मार्व्याची किंवा बोरिवलीची फेरीबोट पकडून पाहिला. मग मनमोहन शेट्टी यांनी, ज्यांच्या अ‍ॅडलॅब्सने सिनेमाच्या फिती धुण्यापासून सुरुवात केली होती, खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर मोठं उद्यान काढलं. महड आणि पाली या दोन अष्टविनायकांच्या मधला हा टापू. १८ एप्रिल २०१३ ला 'अ‍ॅडलॅब्स इमॅजिका' उघडलं, आणि नायट्रो त्याच वर्षी सुरू झाला. पुढे कर्ज वाढलं, आणि २०२२ मध्ये उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं.

नायट्रो बनवला स्वित्झर्लंडच्या बॉलिजर आणि माबिलार यांच्या कंपनीने. मोंते नावाच्या गावात १९८८ मध्ये दोन इंजिनिअरांनी काढलेली ही कंपनी, आणि या धंद्यात तिचं नाव गुळगुळीत चालीसाठी आहे. उंची ४० मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पाच वेळा डोकं खाली. गाडीला तळ नाही. बसल्यावर पायाखालची फळी सरकते आणि पाय अधांतरी राहतात. चाळीस मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग मी शाळेच्या सूत्राने काढला तर ताशी शंभर किलोमीटर आला. म्हणजे जवळजवळ सगळी उंची वेगात उतरते, चाकांना आणि वाऱ्याला फार थोडं द्यावं लागतं. हे ज्याने यंत्र जुळवलं असेल त्यालाच कळेल की किती अवघड आहे.

शाळेच्या सहलीबरोबर सोबतीचा माणूस म्हणून मी तिथे गेलो होतो. पोरं रांगेत शिरली आणि मी खालून खांब पाहत बसलो. एका मास्तरांनी विचारलं, "काका, तुम्ही नाही बसत?" म्हटलं, आधी बोल्ट बघून घेतो. ते हसले, पण मी खरंच बोल्ट बघत होतो.

असा कोस्टर उभारायचा म्हणजे काय, ते सांगतो, कारण वरचा थरार सगळे लिहितात आणि खालचं कुणी लिहीत नाही. पहिलं काम जमिनीत. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया, त्यात बोल्टांचा जुडगा उभा करून ओतलेला. हे बोल्ट इंचाच्या अंशाने सरकले तर वर चाळीस मीटरवर तो अंश वाढत जाऊन काहीच्या काही होतो. म्हणून ओतकाम चालू असताना सर्व्हेवाला दुर्बिणीवर डोळा लावून बसतो. मग खांब. मग रूळ. हे रूळ आगगाडीसारखे सरळ आणून जागेवर वाकवत नाहीत. पोलादी नळ्या कारखान्यातच तिन्ही दिशांना वाकवून, तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकून येतात. एक तुकडा दुसऱ्याच्या जागी बसत नाही. क्रेन तुकडा उचलते, वर टांगलेली दोन माणसं दोन फ्लँजची भोकं समोरासमोर आणतात, सब्बल घालून जुळवतात आणि बोल्ट टाकतात. ठरलेल्या ताणापर्यंत टॉर्क रेंचने आवळायचा आणि वर खूण करायची, म्हणजे पुढे सैल झाला तर नुसत्या नजरेनेच कळावं. सगळ्यांत नाजूक तो शेवटचा तुकडा, जो वर्तुळ पुरं करतो. तोवरच्या सगळ्या चुका त्या फटीत जमा झालेल्या असतात. तो तुकडा हाताने बसला तर समजावं की पहिल्या दिवशी पायाजवळ बसलेल्या सर्व्हेवाल्याने झोप काढली नव्हती.

त्यानंतर माणसांशिवाय गाडी सोडतात, माणसाच्या वजनाचे पाण्याने भरलेले पुतळे बसवून. शेकडो वेळा. चाकं तिन्ही बाजूंनी रुळाला धरतात : वरून, बाजूने आणि खालून. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये पेटंट केली. त्याआधीचा कोस्टर नुसता रुळावर ठेवलेला असे, त्यामुळे उतार बेताचेच ठेवावे लागत. खालचं चाक आल्यावर गाडी रुळावरून उठूच शकेना, आणि मग उंचीला मर्यादा राहिली नाही.

डोकं खाली करणाऱ्या वेटोळ्याची गोष्ट मात्र जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण त्यात पुन्हा रेल्वे येते. १८९५ मध्ये कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर होता, त्याचं वेटोळं कंपासने काढल्यासारखं गोल. लोकांच्या माना लचकू लागल्या. कारण साधं आहे. गोल वेटोळ्यात माथ्यावरून माणूस सुटून पडणार नाही इतकाच वेग ठेवला, तरी तळाशी त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार येतो, आणि तो भार सरळ रुळावरून गोलात शिरताच एका झटक्यात येतो. फ्लिप फ्लॅपमध्ये तो बारापटीपर्यंत जात असे असं म्हणतात. लोक पुढे बसण्यापेक्षा बघायलाच जास्त येऊ लागले. आता रेल्वेच्या इंजिनिअरला ही गोष्ट ठाऊक होती. सरळ लाइनीतून वळणात गाडी एकदम टाकायची नसते, वळण हळूहळू घट्ट करत न्यायचं असतं. तोच वक्र उभा केला की वेटोळं पाण्याच्या थेंबासारखं दिसतं, तळाशी पसरट आणि माथ्यावर आखूड. हे वेटोळ्यात यशस्वीपणे बसवायला १९७६ साल उजाडावं लागलं. वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने गणित केलं आणि अँटोन श्वार्झकोफने कॅलिफोर्नियात ते उभारलं. रूळमार्गाचं साधं शहाणपण करमणुकीच्या धंद्यात पोचायला ऐंशी वर्षं लागली, ती बहुतेक दुसऱ्यांच्या मानांवर.

खोपोलीच्या उद्यानात आणखी एक कोस्टर आहे, 'गोल्ड रश एक्स्प्रेस'. त्याची सजावट अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणीची. खाणीची गाडी हा प्रकार जगभरच्या उद्यानांत असतो, आणि तो असणं बरोबरच आहे, कारण मूळ तिथलंच. मला गंमत वाटली ती वेगळी. पोरं त्या खोट्या खाणीतून धडधडत जाऊन आली. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यात पंचवीस खरे बोगदे, आणि पायथ्याला त्याच अमेरिकन खाणीतलं खरं चाक फिरवून शंभरांवर वर्षं वीज करणारं घर. उद्यानाने इतिहास शिकवावा अशी माझी अपेक्षा नाही. तिकीट घेणारा इतिहासाचं तिकीट घेत नाही. पण आपल्या शाळांच्या सहलींच्या यादीत हे दोन थांबे का नसावेत? पोराला नायट्रोवरून उतरल्याबरोबर, पाय अजून लटपटत असताना, फाट्यावर वळवलेला सांधा दाखवला तर त्याला तो आयुष्यभर विसरता येणार नाही. मी आमच्या मास्तरांना सुचवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, परवानगी काढावी लागेल.

परवानगीवरून आठवलं. महाराष्ट्रात अशा उद्यानाला लागणारे परवाने ज्या नियमांखाली येतात ते १९६० चे, मुंबई पोलीस कायद्याखालचे. त्यांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे हे शब्द आहेत. म्हणजे स्विस पोलादाचा नायट्रो सरकारदरबारी तमाशाच्या फडाशेजारी मांडी घालून बसतो. मला हे शेजारपण आवडलं. दोन्हीकडे माणूस पैसे देऊन थोडा वेळ स्वतःचा ताबा सोडायला जातो.

राहिला तो शिंग्रोबा. खंडाळ्याच्या जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे. गोष्ट अशी की इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं ज्या वाटेने चढतात ती दाखवली. साहेबाने विचारलं, बक्षीस काय हवं? तो म्हणाला, आमच्या मुलखाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. कागदोपत्री याला आधार मिळत नाही, आणि वाट रस्त्याची होती की रेल्वेची, यावरही सांगणाऱ्यांत एकमत नाही. पण बेचाळीस हजारांतल्या एकाचंही नाव जिथे उरलं नाही, तिथे लोकांनी एक नाव धरून ठेवलं आणि त्याला देऊळ बांधलं, ही गोष्ट कागदाइतकीच पक्की आहे. ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर त्या देवळापाशी आले की गाडी हळू करून खिडकीतून एक नाणं टाकतात आणि मग उताराला लागतात. खाली नायट्रोच्या फलाटावरही गाडीत बसण्याआधी खिशातली नाणी बाहेर काढायला लावतात. पुढे पाच वेळा डोकं खाली व्हायचं असतं.